पानात गुंडाळावं की चरबीत?

कोंबडीच्या अंगावर सगळ्यात लवकर बिघडणारं मांस छातीचं. तंगडी दहा मिनिटं जास्त शिजली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. छाती पाच मिनिटं जास्त राहिली की घास तोंडात नुसता फिरत राहतो आणि हात पाण्याच्या पेल्याकडे जातो. तरीही हॉटेलांच्या मेनूकार्डावर आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांच्या डब्यात आज मान आहे तो याच भागाला. हाड नाही, चरबी नाही, प्रथिनं भरपूर. चरबी नाही हाच त्याचा गुण आणि हाच दोष.

हा दोष झाकायची एक पाश्चात्त्य रीत आता आपल्या शहरांतल्या स्वयंपाकघरांतही दिसते. छातीच्या मांसाला खिसा पाडायचा, त्यात सारण भरायचं, वरून बेकनच्या पातळ पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायचं. बेकन म्हणजे डुकराचं खारवलेलं आणि बहुधा धुरी दिलेलं मांस, मांसाचा एक थर आणि चरबीचा एक थर असं. पदार्थ दिसतो देखणा, पण त्यात नेमकं काय घडतं हे समजून घ्यायला मला ओव्हनपेक्षा चूल बरी वाटते, आणि मुंबईच्या हॉटेलापेक्षा गंजाड.

डहाणूहून चारोटीकडे निघालं की वाटेत गंजाड लागतं. बाहेरच्या जगाला हे गाव ठाऊक झालं ते जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. लग्नात घराच्या भिंतीवर काढायच्या चौकापुरती, बायकांच्या हातात असलेली वारली चित्रकला त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 साली ते गेले. गेरूच्या किंवा शेणाच्या भूमीवर पांढऱ्या रंगाने काढलेली ती चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तो पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ. आणि कोंबडीची गोष्ट सुरू होते तीही तांदळापासूनच.

कोंबडी माणसाळली कुठे आणि कशी, यावर बराच काळ वाद होता. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची खात्रीलायक अशी सर्वात जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची आहेत, इसवी सनापूर्वी साधारण 1650 ते 1250 या काळातली. संशोधकांचं म्हणणं असं, की जंगल तोडून कोरडवाहू भात आणि बारीक धान्यं पेरली जाऊ लागली, तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने तांबडा रानकोंबडा बांबूच्या बेटांतून शेताच्या कडेला आला आणि तिथेच रमला. माणसाने त्याला पकडून आणण्याआधी तो स्वतःच माणसाकडे आला होता. भातकापणीनंतर खळ्यावर कोंबड्या सोडलेलं कुठलंही खेडं पाहिलं की हे पटायला वेळ लागत नाही.

त्यात आपल्याही रानाचा वाटा आहे. सह्याद्रीत राहणारा करडा रानकोंबडा हा तांबड्याचा भाऊबंद. पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी होते ती ज्या जनुकामुळे, तो याच करड्या कोंबड्याकडून आला, असं 2008 साली सिद्ध झालं. बाजारात पिवळ्या कातडीची कोंबडी 'गावरान' म्हणून हौसेने निवडणाऱ्याला, आपण सह्याद्रीच्या रानकोंबड्याची खूण निवडतो आहोत, याची कल्पना नसते. (1972 च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याची शिकार बंद आहे, म्हणून त्याच्या चवीची चर्चा इथेच थांबवू.)

वारली घरात कोंबडी ही रोजच्या जेवणातली वस्तू नव्हे. ती देवाला जाते, पाहुण्याला जाते, आजाऱ्याला जाते. वाघबारशीला वाघदेवापुढे कोंबडा दिला जातो. अंगणात फिरणारी, संध्याकाळी झाडावर नाहीतर पडवीच्या आढ्यावर जाऊन बसणारी ही कोंबडी अंगाने चिवट आणि छातीने अरुंद असते. तिचे हाडांसकट तुकडे करायचे आणि मंद जाळावर रस्सा करायचा, हीच तिची खरी रीत. छाती वेगळी काढून तिचा स्वतंत्र पदार्थ करावा, हे तिथे कुणाला सुचायचं कारणच नव्हतं. खिसा पाडायला मुळात कापड हवं ना!

ते कापड आलं अमेरिकेतून. 1948 साली तिथे 'उद्याची कोंबडी' या नावाने देशभराची स्पर्धा झाली. कमी दिवसांत, कमी खाद्यात, रुंद छातीची कोंबडी कोण तयार करतो ते पाहायचं होतं. तिथून जी निवड सुरू झाली तिचा परिणाम कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने मोजून दाखवला. 1957 सालच्या वाणाची आणि 2005 सालच्या वाणाची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली, तेव्हा 56 व्या दिवशी पहिल्यांचं सरासरी वजन भरलं 905 ग्रॅम आणि दुसऱ्यांचं 4202 ग्रॅम. आपल्याकडे ही ब्रॉयलर क्रांती आणण्यात मोठा हात बी. व्ही. राव यांचा. त्यांनी 1971 साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा पसारा पुढे पुण्याहून देशभर गेला. आज रस्त्याकडेच्या चिकन सेंटरवर 'बोनलेस' मागितलं की दुकानदार जो पाव किलोचा मऊ, फिकट गुलाबी तुकडा तराजूत टाकतो, तो या 70 वर्षांच्या निवडीतून आलेला आहे. भरलेली छाती हा पदार्थ पाककृतीच्या पुस्तकांतून जितका आला, तितकाच उबवणी केंद्रांतून आला, असं मी म्हणेन.

आता चुलीकडे वळू. छातीचे स्नायू पंख फडफडवण्यासाठी असतात. कोंबडी उडते ती क्षणभर, कुत्रं मागे लागल्यावर. अशा झटक्याच्या कामासाठी लागणारे तंतू साठवलेल्या साखरेवर चालतात, त्यांना सतत प्राणवायू पुरवणाऱ्या तांबड्या मायोग्लोबिनची फारशी गरज पडत नाही. म्हणून ते पांढरे. दिवसभर चालणारे पाय तांबूस, चरबीचे आणि चिवट पडद्यांचे. पायाचं मांस जास्त शिजलं की ते पडदे विरघळून त्यांचं जिलेटिन होतं आणि घास मऊ लागतो. छातीत हा आधार नाही. तिच्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी, बाकी बहुतेक प्रथिनं आणि चरबी जेमतेम दोन-तीन टक्के.

पन्नास अंशांच्या आसपास यातलं मायोसिन नावाचं प्रथिन आवळू लागतं आणि मांस पारदर्शक होतं ते पांढरं दिसू लागतं. पासष्टच्या पुढे ॲक्टिन आवळतं आणि तंतूंमधलं पाणी पिळून बाहेर पडतं. पंचाहत्तरच्या पलीकडे गेलात की उरतो तो चोथा. उलट जंतूंच्या भीतीने खाली थांबताही येत नाही. कोंबडीच्या मांसात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात, आणि ते लगेच मरावेत म्हणून सांगितलं जाणारं तापमान आहे 74 अंश. म्हणजे सुरक्षित आणि रसाळ यांच्यामधली फट काही अंशांचीच. छाती भाजणाऱ्याचं सगळं कसब या फटीत आहे.

मग बेकन काय करतं? बहुतेकांचं उत्तर असतं की त्याची चरबी वितळून मांसात मुरते आणि मांस रसाळ होतं. ऐकायला छान, पण खरं नाही. मांसाचे तंतू पाण्याने भरलेले असतात आणि तेलाला तिथे वाट नसते. वितळलेली चरबी वरून ओघळते आणि तव्यात जाते. बेकन करतं ते काम वेगळं. गरम कोरड्या हवेपासून ते मांसाचा पृष्ठभाग झाकतं. स्वतःतलं पाणी आटेपर्यंत ते शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही, त्यामुळे त्याच्या आडोशाची कोंबडी भाजली जात नाही, वाफवली जाते. कुरकुरीत, तपकिरी होतं ते बेकन. त्याची पट्टी सोलून पाहा, खालचं मांस पांढरंफटक असतं.

आणि इथेच मला गंजाडची आठवण होते, कारण पान अगदी हेच काम करतं. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात मासा असो की मांस, पानात गुंडाळून निखाऱ्यात सरकवणं ही जुनी रीत. पान जे हाताशी येईल ते: पळसाचं, सागाचं, केळीचं. निखारे कितीही तापलेले असोत, पानात पाणी आहे तोवर आतली बाजू शंभरच्या वर जात नाही. बाहेरचा थर जळून कोळसा होतो, त्याच्या आतला करपतो, त्याच्या आतला हिरवाच राहतो. म्हणून पानं एकावर एक तीन-चार लावायची असतात. केळीचं पान आधी आचेवर धरायचं, त्यावरचा मेणाचा थर वितळतो आणि पान मोडायचं थांबतं. पळसाचं पान चामड्यासारखं चिवट, पण लहान. सागाचं ऐसपैस, एकातच अख्खं पुडकं मावतं, मात्र कोवळं असेल तर लाल रंग सोडतं. उन्हाळ्यात सागाची पानगळ झाली की ही सोय संपते.

पानाचं आणि चरबीचं मांसाशी वागणं असं सारखंच आहे. फरक इतकाच की एक वेष्टन खायचं आणि दुसरं फेकायचं. पण हा फरक लहान नाही. खायच्या वेष्टनाबरोबर मीठ येतं, धूर येतो, चरबी येते. पानातल्या मांसाला यातलं काहीच आयतं मिळत नाही. ते आतून द्यावं लागतं, आणि मग वाटलेलं ओलं खोबरं, लसूण, मिरची, कोथिंबीर यांना महत्त्व येतं. पारशी लोकांनी पात्रानी मच्छीत तेच केलं आहे: हिरव्या चटणीत खोबऱ्याची चरबी, बाहेर केळीचं पान. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांमधून इराणी आणि पारशी घरं आजही आहेत, आणि ज्या संजाणला पारशी आले असं मानतात ते तलासरीहून फार लांब नाही.

कोंबडीला वाफेत कोंडण्याची आपल्याकडची सगळ्यात थाटाची तऱ्हा म्हणजे रायगडची पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, बऱ्याचदा केळीच्या पानात बांधून, थरांनी रचायची, तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तलासरी ओलांडून गुजरातेत शिरलं की हमरस्त्याच्या कडेला हिवाळ्यात मिळणारं उबाडियुं त्याच कुळातलं, फक्त तिथे कंद आणि पापडीचा जोर. पालघरच्या किनारपट्टीवरच्या वाडवळांची उकडहंडीही याच गोतातली. भांबुर्ड्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला बेकनच्या धुराचं फारसं अप्रूप वाटू नये, असं माझं मत. पण मतं जिभेला कुठे बांधून ठेवतात!

बेकन आपल्याकडे परकं, हे मात्र अर्धंच खरं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकातला ग्रंथ. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या भागात डुकराचे केस काढून ते कसं भाजावं ते सांगितलं आहे, आणि त्याच्या ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या कापण्याचाही उल्लेख आहे. पुढे पोर्तुगीज आले. वसई त्यांच्याकडे 1534 पासून 1739 पर्यंत होती, डहाणूचा किनाराही त्यांच्याच अंमलात होता. वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतलं डुकराच्या मांसाचं इंद्याल आणि गोव्याचं चोरीस सॉसेज हा त्या काळाचा वारसा. दोन्हींत मांस टिकवण्याचं काम व्हिनेगर आणि मसाला करतात. मीठ आणि धूर यांवर टिकवलेलं इंग्रजी पद्धतीचं बेकन रुजलं ते मुंबईच्या आसऱ्याने. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशात जे मोजके बेकन कारखाने काढले त्यांतला एक बोरिवलीला होता.

आता प्रत्यक्ष कृती. छातीचा तुकडा दोनशे ग्रॅमच्या आतला घ्यावा. मोठा घेतलात तर जाडी वाढते, आणि उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो: दोन सेंटिमीटरचे चार झाले की वेळ दुप्पट नाही, चौपट. सारण भरल्याने तुकडा आणखी जाड होतो आणि सारण असतं नेमकं मधोमध, सगळ्यात थंड जागी. म्हणून सारण आधी शिजवलेलं, कोरडं आणि थोडं असावं. किनाऱ्यावरच्या बायका पापलेट भरतात ते पाहावं. पाठीकडून सुरी घालून दोन्ही बाजूंना काट्यालगत जागा करायची, कडा फोडायच्या नाहीत, चटणी बोटाने सारवल्यासारखी भरायची. छातीलाही जाड बाजूने तसाच खिसा पाडावा.

परदेशी कृतींत सारणाला चीज असतं. ते वितळतं, वाट काढतं आणि तव्यात जाऊन करपतं. त्यापेक्षा पनीर घ्यावं. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या आंबटाने फाडलेलं दूध घट्ट होतं ते पुन्हा आचेवर वितळत नाही, त्यामुळे सारण जागच्या जागी राहतं. त्यात डहाणू-वाणगाव पट्ट्यातली ढोबळी मिरची बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत परतून घालावी, तिथलीच एखादी तिखट मिरची, पातीचा लसूण आणि हवा तर भाजलेला जवळा. मीठ अजिबात नको. बेकनमध्ये आणि जवळ्यात ते पुरून उरतं.

बेकन मुंबई-वसईकडून आणावं लागेल, बर्फाच्या डब्यातून. पट्ट्या सुरीच्या पाठीने ताणून पातळ कराव्यात, एकीची कड दुसरीवर चढेल अशा शेजारी मांडाव्यात आणि भरलेला तुकडा त्यावर ठेवून गुंडाळावा. शेवटची टोकं खाली यावीत. मग जाड बिडाचा तवा, थंड. थंड तव्यापासून सुरुवात केली की चरबी हळूहळू सुटते. तापलेल्या तव्यावर पट्टी आक्रसते आणि पुडकं उलगडतं. टोकांची बाजू आधी तव्यावर, म्हणजे ती चिकटून बसतात, दोऱ्याची गरज पडत नाही. सगळ्या बाजू सोनेरी झाल्या की जाळ ओढून झाकण ठेवावं आणि झाकणावर चार निखारे. ओव्हन असेल तर दोनशे अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं.

झालं की नाही हे रंगावरून ठरवू नये, हे मी जरा आग्रहाने सांगतो. बेकनला गुलाबी रंग येतो तो नायट्राइटमुळे. बॉट्युलिझमचा जंतू वाढू नये म्हणून ते घालतात. हेच नायट्राइट शेजारच्या कोंबडीलाही गुलाबी छटा देतं, त्यामुळे पूर्ण शिजलेला तुकडा कच्चा वाटू शकतो. शिवाय डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा धोका असतो, म्हणून बेकनही अर्धवट सोडायचं नाही. काही शे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर सारणाच्या मध्यापर्यंत खुपसावा. आकडा बहात्तरच्या आसपास आला की उतरवावं, झाकून ठेवलेल्या पाच-सात मिनिटांत उरलेले दोन अंश आतल्या उष्णतेनेच चढतात. नाही चढले तर पुन्हा आचेवर न्यावं. लगेच कापलं तर रस ताटलीत जातो.

डुकराचं मांस चालत नसेल त्याने हाच तुकडा पानात बांधावा. मग हिशेब बदलतो: मांसाला तासभर आधी मीठ चोळायचं, म्हणजे प्रथिनं पाणी धरून ठेवतात, आणि सारणात वाटलेलं ओलं खोबरं सढळ हाताने घालायचं. आत केळीचं पान, बाहेर पळसाचे दोन-तीन थर, वरून वाखाची बांधणी. निखाऱ्यांवर राखेचा थर पांढरा झाला की पुडकं ठेवायचं आणि मध्ये एकदा उलटायचं. थर्मामीटर पानातूनही खुपसता येतो.

बेकनवाल्याच्या तव्यात शेवटी दोन-तीन चमचे चरबी उरते. ती टाकू नये. उकडलेले कोनफळाचे काप तिच्यात परतावेत, वर मिरपूड घालावी, आणि सोबत तांदळाची अळणी भाकरी घ्यावी, कारण मीठ आधीच पुरेसं झालेलं असतं.